कुत्र्याचा वाटा फोडणीआधी

भाद्रपदाच्या तोंडावर पेण आणि रोह्याच्या बाजारात डोंगरउतारावरच्या काकड्या येतात. त्यांच्या शेजारी शिराळी, पडवळ, घोसाळी, दुधी, लाल भोपळ्याच्या फोडी, चवळीच्या शेंगांच्या जुड्या. ठाकूर आणि कातकरी बायका पहाटे वाडीवरून निघून हा माल पाट्यांतून बाजारात आणतात आणि दुपारपर्यंत तो संपतो. ज्यांच्या दारात कुत्रा आहे अशी माणसेही इथूनच भाजी घेतात. कुत्र्यासाठी मात्र ती वाटेत किराणा दुकानापाशी थांबतात आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेतात, कधी टोस्ट, कधी खारी. पिशवीतली काकडी त्या कुत्र्यालाही चालली असती, आणि बिस्किटापेक्षा कितीतरी बरी ठरली असती, हा विचार फारसा कोणी करत नाही.

गेल्या काही वर्षांत तो थोडाफार होऊ लागला आहे. पेण-रोह्यातल्या नव्या इमारतींत लॅब्रॉडर, पग आणि शित्झू आले, त्यांची वजने वाढू लागली, डॉक्टरांनी बिस्किटे बंद करायला सांगितली, आणि मग प्रश्न उभा राहिला की खाऊ म्हणून द्यायचे तरी काय. कोणी गाजर देऊ लागले, कोणी दुधी. कोणी घरातली उरलेली भाजीच पोळीत कालवून देऊ लागले आणि त्याला आरोग्यदायी आहार म्हणू लागले. या तिसऱ्या प्रकाराची मला काळजी वाटते. कुत्र्याला भाजी चालते की नाही, या प्रश्नाचे उत्तर भाजीच्या नावात अर्धेच आहे. उरलेले अर्धे आपल्या कढईत आहे. चिरताना बाजूला काढलेली दुधीची फोड आणि तीच फोड कांदा-लसणाच्या वाटणात शिजल्यावर, हे कुत्र्याच्या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. म्हणून कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढावा, हे मला सगळ्यात आधी सांगायचे आहे. बाकीचा लेख त्याची कारणे आणि बारकावे सांगण्यासाठी.

कुत्रा मांसाहारी प्राण्यांच्या कुळातला असला तरी लांडग्यासारखा राहिलेला नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात तयार होते. त्याच्या जनुकाच्या लांडग्यात साधारण दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या वस्तीभोवती धान्य आणि उष्टे पडू लागले, आणि त्यावर जगू शकणारे कुत्रे टिकले, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढे युरोपातल्या प्राचीन कुत्र्यांच्या अवशेषांतूनही असे दिसले की निदान सात हजार वर्षांपूर्वी काही कुत्र्यांत या प्रती वाढलेल्या होत्या. शेतीपासून लांब राहिलेल्या ध्रुवीय प्रदेशातल्या कुत्र्यांत आणि ऑस्ट्रेलियातल्या डिंगोत त्या कमी असतात. कोकणातला गावठी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या भात आणि भाकरीवर कसा तगला, याचे कोडे यातून बरेचसे सुटते.

तरीही आपले आतडे आणि कुत्र्याचे आतडे यांत फरक आहे. कुत्र्याच्या लाळेत पिष्ट फोडणारे विकर जवळजवळ नसते. त्याचा जबडा वरखाली चालतो, गाईसारखा किंवा आपल्यासारखा आडवा फिरत नाही. त्यामुळे तो चावण्यापेक्षा तोडून गिळण्याचे काम जास्त करतो. आतडे शरीराच्या मानाने आखूड असल्याने कच्च्या भाजीच्या पेशींची भिंत त्यात पुरती फुटत नाही. गाजराचे मोठे तुकडे जसेच्या तसे विष्ठेत दिसतात ते यामुळेच. भाजी वाफवली, कुस्करली किंवा किसली तर तिच्यातले अधिक काही अंगी लागते. गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटीनपासून कुत्रा अ जीवनसत्त्व तयार करू शकतो, मांजराला ते जमत नाही. क जीवनसत्त्व तर कुत्र्याचे यकृत स्वतःच बनवते, तेव्हा ‘व्हिटॅमिन सी’साठी त्याला काही खास भरवण्याची गरज नाही. भाजीतून त्याला मिळतो तो मुख्यतः तंतू, भरपूर पाणी, थोडी खनिजे आणि पोट भरल्याची भावना. हे थोडे नाही, पण यालाच संपूर्ण आहार समजणे चूक आहे.

बिस्किटाशी तुलना आकड्यांत केली की चित्र स्पष्ट होते. पशुआहारतज्ज्ञ कुत्र्याची विश्रांतीतली ऊर्जेची गरज एका साध्या सूत्राने काढतात. त्यानुसार १५ किलोच्या गावठी कुत्र्याला सुमारे ५३० किलोकॅलरी लागतात, आणि नसबंदी झालेला, रोजचे हिंडणे-फिरणे असलेला प्रौढ कुत्रा धरला तर हा आकडा ८५० च्या आसपास जातो. खाऊ या दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा जगभरच्या पशुवैद्यकांचा सल्ला आहे. म्हणजे या कुत्र्याच्या खाऊची मर्यादा साधारण ८५ किलोकॅलरी. एका ग्लुकोज बिस्किटात वीस-बावीस किलोकॅलरी असतात, म्हणजे चार बिस्किटांत मर्यादा संपली. सकाळच्या चहाबरोबर चार बिस्किटे देऊन झाल्यावर मुले शाळेतून आली की आणखी चार, असे कितीतरी घरांत चालते. तेवढ्याच ऊर्जेत दोनशे ग्रॅम गाजर बसते. काकडी किंवा दुधी तर अर्ध्या किलोहून जास्त. अर्थात एवढी भाजी रोज द्यायची नाही, त्याने पोट बिघडेल. पण हातातून काहीतरी मिळण्याचा आनंद कुत्र्याला दहा वेळा देऊनही वजन वाढत नाही, हा भाजीचा खरा फायदा.

वजनाचा हा मुद्दा किती मोलाचा आहे ते अमेरिकेतल्या एका प्रदीर्घ प्रयोगाने दाखवले आहे. ४८ लॅब्रॉडर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे आयुष्यभर दिले गेले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे होते, तर कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे. सांधेदुखीही दुसऱ्या गटात उशिरा आली. हा प्रयोग पशुखाद्य बनवणाऱ्या कंपनीने केलेला आहे. कुत्र्याला कमी खायला घाला हा निष्कर्ष त्या कंपनीच्या धंद्याच्या सोयीचा नाही, म्हणून मला तो अधिक विश्वासार्ह वाटतो. रायगडसारख्या तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर कुत्र्याचे फिरणे निम्म्यावर येते, खाणे मात्र तेवढेच राहते. उलट सगळे घरात असल्याने खाऊ वाढतो. भाजीचा खाऊ सुरू करायला पावसाळ्यासारखा दुसरा काळ नाही, आणि बाजारात काकडी-दुधीही तेव्हाच मुबलक.

भाजीने कुत्र्यांचा कर्करोग टळतो, असे विधान आजकाल सर्रास केले जाते. त्याचे मूळ अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००५ च्या एका अभ्यासात आहे. स्कॉटिश टेरिअर या जातीत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार असते. संशोधकांनी आजारी आणि त्या आजाराने न ग्रासलेल्या कुत्र्यांच्या मालकांना आहाराविषयी विचारले. आठवड्यातून निदान तीनदा भाजी खाणाऱ्या कुत्र्यांत, विशेषतः पालेभाज्या आणि पिवळ्या-केशरी भाज्या खाणाऱ्यांत, तो कर्करोग कमी आढळला. अभ्यास आश्वासक आहे, पण तो एकाच जातीवरचा, एकाच आजाराचा आणि मालकांच्या आठवणीवर उभा असलेला आहे. जो मालक कुत्र्याला आठवणीने भाजी देतो तो इतर काळजीही अधिक घेत असेल, ही शक्यता अशा अभ्यासातून पूर्ण काढून टाकता येत नाही. पेणमधल्या आपल्या लॅब्रॉडरला गाजर दिल्याने कर्करोग होणार नाही, असे यावरून कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. गाजर द्यावे ते वजनासाठी, तंतूसाठी आणि त्याला ते आवडते म्हणून.

आता आपल्या बाजारातल्या भाज्यांकडे येऊ. काकडी सर्वांत निर्धोक. तिच्यात पंच्याण्णव टक्के पाणी असते, उन्हाळ्यात गार करून दिली तर कुत्रे आनंदाने खातात. फक्त देठाकडचा भाग कापून आधी आपण चाखावा. कडू लागली तर टाकून द्यावी. हाच नियम दुधीला अधिक कडकपणे लावायचा. दुधी, काकडी, पडवळ, शिराळे या वेलींत कडू फळ निपजले की त्यात कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने तसा रस पिऊ नये, असा इशारा दिला होता. जे माणसाला बाधते ते कुत्र्यालाही बाधणारच, आणि तो घाईने गिळत असल्याने कडूपणामुळे थांबेल याची खात्री नाही. गोड दुधी मात्र उत्तम. साल काढून, पाण्यात मऊ शिजवून, मीठ न घालता द्यावी.

लाल भोपळ्याचा उपयोग खाऊपलीकडचा आहे. त्यातला विरघळणारा तंतू पाणी धरून ठेवतो, म्हणून सौम्य जुलाबात आणि बद्धकोष्ठात, दोन्हींत, वाफवलेल्या भोपळ्याचा एखाद-दुसरा चमचा जेवणात मिसळायला अनेक डॉक्टर सांगतात. जुलाबात रक्त असेल, कुत्रा मलूल असेल, पिल्लू असेल तर भोपळ्यावर वेळ घालवायचा नाही. पार्व्होसारखा आजार तासातासाने बळावतो. फरसबी आणि कोवळ्या चवळीच्या शेंगा वाफवून चालतात. शिराळे आणि पडवळही चालते. शिराळ्याच्या कडक शिरा सोलून काढाव्यात. भेंडी बहुतेक कुत्रे नाकारतात. कारल्याच्या वाटेला जाऊच नये. बीट थोडे चालते, पण दुसऱ्या दिवशी लघवी-विष्ठा लालसर दिसून घरात घबराट होते, हे आधी माहीत असलेले बरे. कोबी आणि फ्लॉवर वायू करतात, दिलेच तर चार तुकडे. पालकात ऑक्झलेट जास्त असते, मूतखड्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला तो नको. रताळे आणि हिवाळ्यात येणारे कोनफळ पिष्टाने भरलेले असते. उकडून एखादी फोड चालेल, मात्र ती बिस्किटाच्या हिशेबात धरायची, काकडीच्या नव्हे. कच्चे कोनफळ किंवा करांदे कधीही नकोत. उन्हाळ्यातले कलिंगड बिया आणि साल काढून दिले तर दोन-चार फोडी हरकत नाही.

गाजर कोकणात बाहेरून येते, पण आता बारमाही मिळते. त्याविषयी दोन समज तपासायला हवेत. एक, गाजर चावल्याने दात साफ होतात. दातांवरचा साठलेला थर गाजराने निघत नाही, त्याला कुत्र्यांचा ब्रश किंवा डॉक्टरांकडची सफाई लागते. दुसरा, कच्चे गाजर अख्खे देणे उत्तम. गोल चकती लहान कुत्र्याच्या घशात नेमकी अडकते. पग, शित्झू यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना तर किसून किंवा वाफवून, उभ्या बारीक काड्या करूनच द्यावे.

रोहा-पेण पट्ट्याचे वैभव म्हणजे वाल. भाताचे शेत रिकामे झाले की त्याच ओलीवर वाल पेरतात, आणि थंडीत शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी. शेकोटीभोवती माणसांच्या मागे कुत्री बसलेली असतात. पोपटीतल्या शेंगा खारट असतात, आणि त्याहून मोठा धोका कोंबडीच्या भाजलेल्या हाडांचा. शिजलेले हाड उभे चिरते आणि त्याचे टोक आतड्यात रुतते. कच्च्या किंवा अर्ध्या शिजलेल्या वालात पचनाला अडथळा करणारी द्रव्ये असतात. आपण तो भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवून बिरडे करतो ते उगाच नाही. कुत्र्याला पोपटीतले काही द्यायचेच असेल तर सोललेले अंडे द्यावे.

आता या लेखाच्या मुख्य गोष्टीकडे, कांद्याकडे. अलिबागचा पांढरा कांदा ही या परिसराची शान आहे. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्यात वडखळ-पोयनाडच्या रस्त्यावर त्याच्या माळा लटकतात आणि पेण-रोह्याच्या घराघरांत त्या टांगलेल्या असतात. तो तिखटपणाला कमी, चवीला गोडसर, कच्चा खाण्यासारखा. म्हणूनच ‘हा कांदा सौम्य आहे, कुत्र्याला काय होणार’ असे म्हटले जाते. हे अत्यंत धोक्याचे आहे. कांदा, लसूण, पात, सगळ्यांत गंधकाची अशी संयुगे असतात की ती कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचे ऑक्सिडीकरण करतात. पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या गाठी पेशीच्या कडेला चिकटतात, त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. अशा पेशी शरीर मोडून टाकते आणि कुत्र्याचे रक्त कमी होते. आपल्या जिभेला कांदा गोड लागला म्हणून ही संयुगे नाहीशी होत नाहीत. शिजवल्यानेही होत नाहीत, वाळवून पूड केल्यानेही नाही. उलट पुडीत ती एकवटतात. लसूण वजनाला वजन कांद्याहून जास्त घातक मानला जातो.

किती कांदा घातक? कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधा दिसू लागते, असे पशुवैद्यकीय साहित्यात दिले आहे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, एक लहान कांदा. शित्झू पाच-सहा किलोचा असतो, त्याला त्याचा निम्मा पुरतो. आता आपले कोणतेही वाटण आठवा. चार माणसांच्या कालवणात भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे किती वाटण जाते, आणि शेवटी भांड्याच्या तळाशी जे जाड उरते ते भातात कालवून कोणाला दिले जाते? थोडे थोडे रोज दिल्यावरही नुकसान साठत जाते. कुत्रा दुसऱ्या दिवशी मरत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

कोकणात यात आणखी एक गुंता आहे. इथे गोचिडतापाचे प्रमाण मोठे. बबेसिया आणि एर्लिकिया हे त्याचे नेहमीचे जंतू. बबेसियाही तांबड्या पेशीच फोडतो. त्यामुळे हिरड्या फिक्या पडणे, धाप लागणे, गळून जाणे, लघवी गडद तपकिरी होणे, ही लक्षणे दोन्हींत सारखी. कांद्याची बाधा लगेच नव्हे तर दोन-चार दिवसांनी दिसते, तोवर रविवारचे कालवण विसरले गेलेले असते. अंगावर गोचीड सापडली की निदान त्या दिशेने जाते. आधीच गोचिडतापाने रक्त कमी झालेल्या कुत्र्याला ताकद यावी म्हणून घरातली मंडळी प्रेमाने मटणाचा लसूण-कांदा घातलेला रस्सा पाजतात, तेव्हा तर दुखण्यात भर पडते. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर गेल्या आठवड्यात काय काय खायला घातले ते न लाजता सगळे सांगावे. त्यांना रक्ताच्या काचेवर काय शोधायचे ते कळते.

चिंचेविषयी आपल्याकडे अजून पुरेशी जाण नाही. द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात हे बरीच वर्षे माहीत होते, कारण मात्र सापडत नव्हते. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. पुढच्या वर्षी त्यांनी क्रीम ऑफ टार्टार आणि चिंच खाल्ल्यानंतर मूत्रपिंड निकामी झालेल्या कुत्र्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. चिंचेत टार्टारिक आम्ल विपुल असते. आमटीतल्या थेंबभर कोळाने कुत्रा आजारी पडेल असे कोणी म्हणत नाही, पण चिंचेचा गोळा, चिंच-गुळाची चटणी, प्रसादातल्या मनुका त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत, एवढे सांगण्याइतका पुरावा नक्कीच आहे.

ऋषिपंचमीची भाजी हे या सगळ्याचे एकत्र उदाहरण. गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखल्या जाणाऱ्या पेणमध्ये तिचा मान वेगळाच. तिच्यात कांदा-लसूण नसतो, तेल-तिखट बेताचे, भोपळा, पडवळ, शिराळे, भेंडी, माठ. कुत्र्याला यापेक्षा सात्त्विक काय द्यायचे, असे कोणालाही वाटेल. पण तिच्यात अळू असते, बऱ्याचदा सुरण असते, आणि आंबटपणासाठी चिंच. अळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट शिजले नाही तर आपला घसा खवखवतो आणि कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, जीभ सुजते. शिवाय मक्याच्या कणसाचे तुकडे. दाणे खाऊन उरलेला कणसाचा बुरखुंडा कुत्र्याने गिळला तर तो आतड्यात बुचासारखा बसतो आणि शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. आंब्याची कोयही याच जातीची. ऋषीच्या भाजीतला भोपळा, पडवळ, शिराळे चिरतानाच मूठभर बाजूला ठेवले आणि वेगळे वाफवले, तर सणाचा घास कुत्र्यालाही मिळतो.

पावसाळ्यातल्या रानभाज्यांबाबत माझे मत सरळ आहे, त्या कुत्र्याला देऊ नयेत. शेवळे माणसालासुद्धा काकडाच्या फळाशिवाय किंवा आंबटाशिवाय खाजते. टाकळ्याने पोट ढिले होते. बाकीच्यांचा कुत्र्यांवर काय परिणाम होतो याचा कोणी पद्धतशीर अभ्यास केलेला माझ्या वाचनात नाही, आणि दुधी-काकडी हाताशी असताना हा प्रयोग कशासाठी? पहिल्या पावसात उगवणारी अळंबी तर फिरताना कुत्र्याच्या तोंडात जाणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. हिरवट बटाटा, कोंब आलेला बटाटा, कच्चा टोमॅटो आणि त्याची पाने हीही नकोत.

भाजीचा खाऊ चांगला म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो, मग कुत्र्याला शाकाहारीच का करू नये? आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. दूध-पोळीवर वाढवलेले कुत्रे प्रत्येक गावात आहेत. २०२२ मध्ये अडीच हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांच्या उत्तरांवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पोषणदृष्ट्या परिपूर्ण शाकाहारी खाद्यावरचे कुत्रे निदान मालकांच्या मते निरोगी होते. पण त्यातले शाकाहारी खाद्य म्हणजे प्रथिने, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे मोजून घातलेले खाद्य. दूध-पोळी आणि दुधीची भाजी म्हणजे ते नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ पासून वाटाणा-मसुरासारखी कडधान्ये भरपूर असलेली काही खाद्ये आणि कुत्र्यांच्या हृदयाचा एक विकार यांच्या संबंधाची चौकशी केली. कार्यकारण सिद्ध झाले नाही, पण सूत्र जरा बदलले तर काय काय बिघडू शकते याची जाणीव त्याने दिली. घरी मांस शिजत नसेल तर अंडी, पनीर आणि डॉक्टरांनी ठरवलेले पूरक घटक यांचा विचार करावा. मासळी शिजणाऱ्या घराला तर अडचणच नाही. काटे काढलेला, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेला मासा आणि भात हा कोकणी कुत्र्याचा उत्तम आधार आहे. त्याच उकडीच्या पाण्यात दुधी शिजवली, तर भाजीला तोंड फिरवणारे कुत्रेही ती चाटूनपुसून खातात.

दारातल्या कुत्र्यापेक्षा रस्त्यावरच्या कुत्र्याचा प्रश्न वेगळा. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या मनात आहेत, पितृपक्षात कुत्र्याचा घास वेगळा काढण्याची रीत आहे. ती करुणा टिकावी. मात्र भुकेल्या भटक्या कुत्र्याला काकडी देण्यात अर्थ नाही. त्याला ऊर्जा आणि प्रथिने हवीत, भात-अंडे हवे, आणि त्याहून आधी रेबीजची लस आणि नसबंदी. मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, त्या मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून आणि जिन्यांच्या तोंडांपासून दूर असाव्यात, असे म्हटले आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही ठरावीक जागांवर भर दिला. पेण आणि रोहा नगरपरिषदांच्या हद्दीत खाऊ घालणाऱ्यांनी अशी जागा मागून घ्यावी, आणि स्थानकाच्या किंवा एसटी स्टँडच्या फलाटावर बिस्किटे फेकणे थांबवावे.

सुरुवात कशी करावी, हे थोडक्यात. एका वेळी एकच नवी भाजी, वाटाण्याएवढा तुकडा, तीन दिवस पाहणी. उलटी, जुलाब, खाज नसेल तर वाढवायचे. कीटकनाशकांचा अंश राहू नये म्हणून भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची. मीठ, तेल, तूप काही नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, मूतखडा असलेल्या कुत्र्याला आणि तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ बदलायचा नाही. कुत्र्याने कांदा, मनुका, चिंच किंवा कणसाचा बुरखुंडा खाल्ल्याचे कळले तर लक्षणांची वाट न पाहता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायचा. पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवून घेता येते, आणि तीही डॉक्टरांनीच करवायची, घरी मिठाचे पाणी पाजून नव्हे. इथून परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयापर्यंत जाण्यात वेळ मोडतो, तो वेळ आधीच्या फोनने वाचतो.

रोह्याजवळ किल्ला येथे कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तालुक्यांना पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, बाजारात ठाकूर-कातकरी बायकांची ताजी भाजी आहे. या तिघांना जोडणारा एक साधा मराठी तक्ता, कोणती भाजी द्यावी, कोणती नको, कांद्याचा धोका किती, असा दवाखान्याच्या आणि किराणा दुकानाच्या भिंतीवर लागला तर अनेक कुत्रे वाचतील. पशुसंवर्धन विभागाने आणि नगरपरिषदांनी तो येत्या गणेशोत्सवाआधी लावावा, आणि तोवर वाचकांनी आजच्या संध्याकाळची भाजी चिरताना दोन फोडी कढईत न टाकता बाजूला ठेवाव्यात, ही विनंती.